पडवीतली शाळा

इब्रामपूरच्या आमच्या घरी १२ ऑगस्टला गोडधोड करीत नाहीत. घरातल्या कोणाचे श्राद्ध त्या दिवशी नसते. १९७३ साली याच तारखेला भाऊसाहेब, म्हणजे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर, निवर्तले. कर्ता पुरुष गेल्यावर घराने जे पाळावे, ते आमच्या आजोबांनी पाळले. आज आजोबाही नाहीत. रीत मात्र चालू आहे.

भाऊसाहेब मूळचे पेडण्याचे. त्यांचा जन्म १२ मार्च १९११ चा. आजोबांचा जन्मही त्याच सालचा, त्यामुळे "आम्ही दोघे एका वर्षाचे" हे सांगताना त्यांना कोण अभिमान वाटे! वास्तविक दोघांत साम्य ते काय? भाऊसाहेब खाणमालक, आजोबा दुसऱ्याच्या जमिनीत राबणारे कूळ. देवळाच्या पडवीत पंतोजींपुढे धूळपाटीवर काही महिने अक्षरे गिरविली, तोच गुरे राखायची पाळी आली. स्वतःचे नाव तेवढे ते लिहीत, तेही अडखळत.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. २० डिसेंबर १९६३ रोजी भाऊसाहेब मुख्यमंत्री झाले आणि खेडोपाडी सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघू लागल्या. १९६४ साली कूळ कायदा आला. आमच्या वाड्यावर शाळा मंजूर झाली, पण तिला छप्पर नव्हते. आजोबांनी घराची पडवी दिली. सुगीत भाताची पोती माजघरात आली, तेव्हा आजी कुरकुरली. आजोबा म्हणाले, "भात उंदरांनी खाल्ले तर पुढच्या वर्षी पुन्हा पिकेल. पोरांचे वर्ष कुठून आणणार?"

१६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल वडीलधाऱ्यांना आठवत असेल. महाराष्ट्रात विलीनीकरणासाठी फूल, वेगळे राहण्यासाठी दोन पाने. आजोबांनी फुलावर शिक्का मारला. ३४,०२१ मतांनी फूल हरले. घरात सुतकी कळा आली. पण आजोबा म्हणाले, "पाकळी डावी पडली. देवाला कौल लावला की पडेल तो मानायचा, भांडायचे नाही." पुढे काही महिन्यांतच निवडणूक झाली आणि ज्या गोव्याने विलीनीकरण नाकारले, त्यानेच भाऊसाहेबांना पुन्हा त्याच खुर्चीवर बसविले. माणसांचे प्रेम मतभेदाहून मोठे असते, हा धडा आम्हांला आजोबांमुळे मिळाला.

भाऊसाहेबांच्या पश्चात त्यांची कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. १९९० साली शिक्षणमंत्री असताना त्यांनी प्राथमिक शाळांचे अनुदान देशी भाषांच्या माध्यमापुरते ठेवले. २०११ साली ते धोरण बदलले, तेव्हा उतारवयातही त्या विरोधात उभ्या राहिल्या. २०१६ साली त्या गेल्या. लेकीने वडिलांचा वारसा असा सांभाळला.

आणि आम्ही? पडवीतल्या त्या शाळेमुळे आमच्या घरात अक्षर आले. त्या अक्षराच्या बळावर आम्ही मराठीचे एम. ए. झालो, सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झालो. पटावरची मुले दरवर्षी घटताना पाहून पालकांना घरोघर विनवीत हिंडलो. मात्र स्वतःच्या धाकट्या मुलाला आम्ही इंग्रजी माध्यमात घातले. एका पालकाने तोंडावर विचारले, "सर, तुमचा मुलगा कुठे शिकतो?" त्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही.

आजोबा हयात असते तर रागावले नसते. पडवीकडे पाहून गप्प बसले असते, इतकेच. ते गप्प बसणे आम्हांला सोसले नसते.

मुलगा आता मोठा झाला आहे. मराठी वाचतो, पण अडखळत. हा मजकूर छापून आला की तो त्याला वाचून दाखवावा, असे प्रथम मनात होते. आता ठरविले आहे की पडवीत बसून त्याच्याकडूनच वाचून घ्यावा. अडखळला तरी चालेल. आजोबाही नाव लिहिताना अडखळतच असत. पण लिहायचे पुरे.