पिल्लांआधी खुराडे

मे महिना सरत आला की पुण्यात पिल्लांचे गिऱ्हाईक बदलते. मावळ-मुळशीकडचा नेहमीचा शेतकरी असतोच, पण त्याच्या शेजारी कोथरूड, वारजे, धनकवडीचे बंगलेवालेही दिसू लागतात. मुलांना सुट्टी असते, बंगल्यामागे थोडी जागा असते, घरची अंडी हवी असतात. सहा-आठ पिल्ले खोक्यात घालून ते निघतात. खुराड्याचे काय, असे विचारले तर ‘सुताराला सांगितलंय’ हे उत्तर ठरलेले. जुलैत याच घरांतून फोन येतात. पिल्ले पिसे फुगवून कोपऱ्यात बसली आहेत, विष्ठेत रक्त दिसते आहे. आपण रक्ती हगवणीचे औषध सांगतो, ते लागूही पडते, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा फोन वाजतो.

याची जबाबदारी गिऱ्हाइकावर ढकलून चालणार नाही, कारण कोंबडीपालनाची माहिती पुण्याला कमी नाही. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली ती या शहरात. राष्ट्रीय अंडी समन्वय समिती १९८२ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली. खडकीला सरकारचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, औंधला कोंबड्यांच्या लसी तयार होतात. दहा हजार पक्ष्यांची शेड कशी बांधावी, हे इथला कुठलाही जुना सुपरवायझर झोपेतून उठवला तरी सांगेल. सहा कोंबड्यांचे खुराडे मात्र आपण सुतारावर सोडून देतो, कारण ते आपल्याला शेडचेच लहान रूप वाटते. शेड आपण पूर्व-पश्चिम लांब ठेवतो, म्हणजे ऊन आत शिरत नाही आणि दोन्ही लांब बाजूंनी वारा खेळतो. बंगल्यामागच्या अरुंद पट्टीत एकीकडे घराची भिंत, दुसरीकडे कंपाउंड, आणि वारा कुठून येईल हे शेजारच्या इमारती ठरवतात. तिथे दिशा पाहून भागत नाही. उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते पाहावे, सकाळचे ऊन कुठवर येते ते पाहावे, आणि पाणी कुठे तुंबते हे घरमालकाला विचारावे. ही जागा पाहण्याचे काम आपले आहे, आणि ते पिल्ले देण्याआधीचे आहे.

पुण्यातला पाऊसही सगळीकडे सारखा नाही. हडपसरला बेताचा पडतो, बावधन-सूसच्या अंगाला बराच जास्त. हडपसरला तगलेले खुराडे बावधनला तसेच उभे करणे धोक्याचे. पहिली झड लागली की माणूस घाबरतो आणि चारही बाजूंनी ताडपत्री आवळून बांधतो. खरे नुकसान इथे सुरू होते. अंड्यावरची कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, आणि त्यातले बरेचसे विष्ठेतून व श्वासातून बाहेर पडते. ही ओल रोज साठत जाते आणि तिला निघून जायला वाटच उरत नाही. तूस भिजते, अमोनिया सुटतो. विष्ठेतून पडलेल्या रक्ती हगवणीच्या बीजाणूंना ऊब आणि ओल दोन्ही मिळाली की दोन-एक दिवसांत ते लागण करण्याइतके तयार होतात. औषधाचा परिणाम पक्ष्याच्या पोटात होतो, तुसात पडलेल्या बीजाणूंना त्याने काहीच होत नाही. दुसरा फोन येतो तो त्यामुळे.

म्हणून पिल्ले देताना मालकाच्या हातात मूठभर तूस द्यावे आणि दाबून दाखवावे. लाडू वळला तर ओल जास्त, मूठ उघडताच भुरभुरून सुटले तर ठीक. तसेच, सकाळी खुराडे उघडल्याबरोबर खाली वाकून वास घ्यायला सांगावे. आपण उभ्याने वास घेतो, पिल्ले मात्र तुसातच रात्र काढतात. त्या उंचीवर डोळे चुरचुरले तर हवा कोंडली आहे.

मापांबद्दल मतभेद असतील, ते असू देत. सहा कोंबड्यांना आतली जागा चार फूट बाय चार फूट आणि बाहेर जाळीचे अंगण त्याच्या तिप्पट, असे मी सुचवतो. तळ जमिनीपासून दोन फूट वर. पावसाच्या बाजूला, म्हणजे बहुधा पश्चिम-नैर्ऋत्येला, छप्पर अडीच-तीन फूट पुढे काढलेले. छपराखालचा फूटभर पट्टा चारही बाजूंनी जाळीचा असावा आणि तो कितीही पाऊस असला तरी झाकू नये. पडदा लावायचा तो त्याच्या खाली. बसायची दांडी दोन इंच रुंद, कडा घासलेली, पक्ष्यामागे आठ इंच, आणि अंड्याच्या खोक्यांपेक्षा उंच. खोके उंच राहिले तर कोंबड्या रात्री त्यातच बसतात आणि सकाळी अंडी घाणीत सापडतात. एक संपूर्ण बाजू दारासारखी उघडणारी हवी, कारण जो कोपरा हाताला लागत नाही तो झाडला जात नाही.

सुतार जुन्या पॅकिंगच्या फळ्या वापरतो, स्वस्त पडतात म्हणून. या फळ्यांच्या फटींत गोचिड दिवसभर दडून राहतात आणि रात्री झोपलेल्या पक्ष्यांचे रक्त पितात. दिवसा कोंबडी तपासली तर अंगावर काहीच सापडत नाही, तुरा मात्र पांढरा पडत जातो. लोखंडी अँगलचा सांगाडा थोडा महाग पडेल, पण त्यात फटी राहत नाहीत. लाकूडच वापरायचे तर सांधे भरून घ्यावेत आणि चुन्याचा हात द्यावा.

जाळीत काटकसर नको. बोहरी आळीत षटकोनी जाळी स्वस्त मिळते. ती कोंबडीला आत ठेवते, पण मुंगसाला आणि घुशीला बाहेर ठेवू शकत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळीच घ्यायला लावावी आणि अंगणाच्या कडेने ती फूटभर जमिनीत पुरावी. तिचा दुसरा फायदा आपल्या धंद्याशी थेट जोडलेला आहे. पुण्यात पारवे अमाप आहेत, ते खाद्यावर उतरतात आणि मानमोडी आणू शकतात. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला, जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला आला. अशा वेळी शहरातली उघडी खुराडी फार्मपासून लांब आहेत असे समजता येत नाही, कारण कामगार, खाद्याची पोती आणि गाड्या दोन्हीकडे फिरतात.

लसीची अडचण वेगळी आहे. मानमोडीच्या लसीची कुपी शंभर मात्रांची किंवा त्याहून मोठी येते आणि फोडल्यावर दोन-एक तासांत संपवावी लागते. सहा पक्ष्यांसाठी ती कोणी फोडत नाही, त्यामुळे ते पक्षी लसीविनाच वाढतात. शहरात एक दिवसाची पिल्ले विकणे थांबवून लसी झालेल्या आठ-दहा आठवड्यांच्या तलंगा विकाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. किंमत जास्त पडेल, पण तेवढ्या अवधीत खुराडेही बांधून होईल. सोबत कोंबडा देऊ नये. अंडी घालायला कोंबड्याची गरज नसते, हे कित्येकांना ठाऊक नसते, आणि शेजाऱ्यांशी पहिले भांडण त्याच्या पहाटेच्या आरवण्यावरूनच होते.

पुणे आणि परिसरात किमान एक पावसाळा कोरडे राहिलेले खुराडे आपल्या पाहण्यात असेल, तर त्याची मापे, छपराचा उतार, वापरलेले सामान आणि झालेला खर्च १५ जूनपर्यंत आमच्याकडे पाठवावा. पत्ता लिहिताना उपनगराचे नाव जरूर द्यावे. जुलैच्या अंकात अशा खुराड्यांची रेखाचित्रे आम्ही छापू, आणि ती कापून दुकानात लावता येतील अशा आकारात छापू.