हातात पाना, दप्तरात पुस्तक

बारामतीहून भवानीनगरच्या दिशेने निघालो की पिंपळीच्या शिवारात उसाचे फड लागतात. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने हा मुलूख बागायती केला आणि पाण्यामागोमाग यंत्रे आली. आधी डिझेल इंजिने आली, मग विजेचे पंप. आज पेट्रोलवरचे फवारणी पंप, गवत कापायचे ब्रश कटर, पॉवर वीडर आणि जनरेटर आले आहेत. बैलजोडी कमी झाली, पण लहान इंजिन घरोघर पोहोचले. जेथे इंजिन आहे तेथे बिघाड आहे, आणि जेथे बिघाड आहे तेथे मिस्त्रीची रोजी आहे.

ही रोजी आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या कमावली. कालचा शिकलगार धार लावीत असे. आज त्याच घरातला मुलगा वेल्डिंग करतो, मोटार भरतो किंवा गॅरेज चालवतो. सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालानेही हेच नोंदवले की नोकरीपेक्षा स्वतःच्या धंद्यावर आणि कारागिरीवर जगणाऱ्यांचे प्रमाण मुस्लिमांत मोठे आहे. हुनर आपल्याकडे आहे. प्रश्न आहे तो हुनर पुढच्या पिढीकडे कोणत्या वाटेने जाणार, हा.

जुनी वाट सर्वांना ठाऊक आहे. दहा-बारा वर्षांचे पोर उस्तादाकडे सोडायचे. ते आधी चहा आणील, मग पाने पुसील, मग चार शिव्या खात कार्बोरेटर उघडायला शिकेल. या वाटेने उत्तम कारागीर घडले, हे खरे. पण शाळा सुटली, ती कायमची. बिल लिहिता येत नाही, कंपनीचे माहितीपुस्तक वाचता येत नाही, बँकेत गेल्यावर कागद पुढे करता येत नाही. आता तर ती वाट कायद्यानेही बंद आहे. 1986 च्या बालकामगार कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली आणि चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवणे गुन्हा ठरले. घरच्या धंद्यात शाळेनंतर आणि सुटीत हातभार लावण्याची मुभा आहे, पण तीही धोक्याच्या कामाला नाही. हे योग्यच झाले. मात्र गॅरेजचे दार बंद केले आणि शाळेत हाताचे काम शिकवले नाही, तर मुलगा दोन्हीकडून जातो. दहावी नापास होतो आणि पानाही धरता येत नाही.

यावर उपाय आपल्याच पुणे जिल्ह्यात सापडलेला आहे. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतील संशोधकाची नोकरी सोडून हा माणूस दुष्काळी गावात गेला. माणूस काम करता करता शिकतो, हा त्यांचा साधा सिद्धांत. हायस्कुलातील मुले आठवड्यातून एक दिवस वर्कशॉप, शेती, वीज आणि घर-आरोग्याची कामे करतात व त्यातून विज्ञान शिकतात, अशी त्यांची रचना आहे. राज्याच्या एसएससी बोर्डाने 1987 साली हा विषय मान्य केला. आश्रमात ‘मेकबुल’ नावाचा छोटा ट्रॅक्टरही तयार झाला. डॉ. कलबाग 2003 साली वारले, आश्रमाचे काम चालूच आहे.

आता एखाद्या हायस्कुलात लहान इंजिनाचा वर्ग भरला तर त्यात काय शिकवायचे? इंजिन चालू होत नसेल तर तीन गोष्टी पाहाव्या लागतात : ठिणगी, इंधन आणि दाब. प्लग काढून ठिणगी पाहायची, फिलर गेजने त्याची फट मोजायची. पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत येते का, जेटमध्ये कचरा आहे का, ते तपासायचे. दाब नसेल तर रिंग, वॉल्व्ह, गास्केट. हा क्रम मुलाच्या डोक्यात बसला की तो अंदाजाने पार्ट बदलणार नाही, आणि गिऱ्हाइकाचा पैसा वाचेल. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते. कंपनीने एकास चाळीस सांगितले असेल, तर पाच लिटरला किती? सव्वाशे मिलिलिटर. हे गुणोत्तराचे गणित पुस्तकात रटाळ वाटते. ऑइलविना चालवून पिस्टन धरलेला ब्रश कटर समोर ठेवला की तेच गणित जन्मभर विसरत नाही.

कोणी म्हणेल, पोराला डॉक्टर करायचे सोडून मिस्त्री का करायचे? वर्ग मिस्त्री बनवण्यासाठी नाही. ज्याला इंजिनिअर व्हायचे त्याचा पाया पक्का होईल, ज्याला आयटीआयला जायचे त्याला वाट सोपी होईल, आणि ज्याला वडिलांचे गॅरेज चालवायचे तो ते हिशेबाने चालवील. एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम आले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आले. तेथे कानाने इंजिन ओळखणारा उस्तादही वाचन आणि स्कॅनरशिवाय अडतो. नुसत्या हाताचे दिवस सरत आले आहेत.

करायचे काय? 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावे, असे सुचवले आहे. आपल्या कारागीर बंधूंनी शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना सांगावे की माझे दुकान उघडे आहे, महिन्यातून दोन तास मी स्वतः येतो. स्पेअर पार्टच्या व्यापाऱ्यांनी भंगारात जाणारी दोन इंजिने शाळेला द्यावीत. त्यात फार पैसा जात नाही. आणि या वर्गात मुलींनाही बसवावे. घरचा फवारणी पंप त्यांनाही चालवावा लागतो.

उस्तादाने आपला हुनर दुकानाच्या चार भिंतींत ठेवला तर तो त्याच्याबरोबरच जाईल. शाळेच्या फळ्यासमोर उभा राहून वाटला तर गावात राहील, आणि शिकवणाऱ्याचा मानही वाढेल.