आज रात्री काय करू?

संध्याकाळी पाच-साडेपाचच्या सुमारास साताऱ्यात गोडोलीच्या एखाद्या बोळातून चालत जा, नाहीतर सांगलीत विश्रामबागच्या. फाटकाशी दोघीजणी उभ्या असतील तर एक वाक्य कानावर पडणारच. "मग, आज काय करणार?" विचारणारीला समोरचीच्या घरच्या बेताशी काही देणंघेणं नसतं. तिला स्वतःला काही सुचत नसतं, एवढंच.

सकाळच्या डब्याचं एक बरं असतं. तिथे घड्याळच ठरवतं. बटाटा, कोबी, रात्री भिजवलेली मटकी, जे लवकर होईल ते. सणावाराचं तर पंचांगात छापलेलंच असतं. आमच्याकडे सोमवारी उपास सुटायचा असतो, बुधवार-रविवार वशाटाचे, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. राहता राहिला मंगळवार. मंगळवारची रात्र म्हणजे ना सण ना उपास, ना पाहुणा ना पगार. त्या रात्रीचं काय करायचं, हा प्रश्न पूर्णपणे आपला. घरात विचारावं तर उत्तर येतं, "काहीही कर." या 'काहीही'मध्ये काय बसत नाही, ती यादी मात्र लांबलचक. कालचं नको, दुधी नको, सासऱ्यांना रात्री हरभराडाळ बाधते, ह्यांना भाकरीच लागते आणि मुलीला भाकरी बघवत नाही. वरून ऐकायचं, स्वयंपाकघर म्हणजे बाईचं राज्य! आता राज्य म्हटलं की राजाला थोडं तरी ठरवता यायला हवं की नको?

माझं माहेर सांगलीचं, सासर साताऱ्याचं. बचतगटांच्या निमित्ताने या दोन्ही जिल्ह्यांत गेली काही वर्षं हिंडते आहे. बैठक संपता संपता, चपला घालताना, हाच विषय निघतो. मला अलीकडे असं वाटू लागलंय की हा प्रश्न वाटतो तितका चुलीपुरता नाही. रात्री काय शिजणार याचा बराचसा निकाल आपण ओट्याशी उभ्या राहण्याआधीच कुठेतरी लागलेला असतो. आपल्या वाट्याला राहतो तो फक्त विचार करण्याचा त्रास. आणि भाजी बिघडली की बोलणी.

केंद्र सरकारचं एक सर्वेक्षण आहे, माणसं दिवसाचा वेळ कशी घालवतात याचं. २०२४ च्या त्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे त्या कामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात असं निघालं. घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटं. लक्षात घ्या, घरकाम 'करणाऱ्या' पुरुषांची! बहुतेक पुरुष या हिशेबात येतच नाहीत. ही पाहणी अर्ध्या अर्ध्या तासाचे कप्पे पाडून विचारते की या वेळात काय केलंत. आता एस.टी.त खिडकीशी बसून बाई मनात म्हणत असते, घरात वांगी दोनच आहेत, कूट संपलंय, दूध नासलं नसेल तर कढी होईल. त्या अर्ध्या तासासमोर काय लिहिणार? 'प्रवास'. डोक्यातल्या स्वयंपाकाला रकाना नाही.

बरं, या डोक्यातल्या स्वयंपाकाला साहित्य कोण पुरवतं? आधी बाजारभाव. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये देशात काही ठिकाणी टोमॅटो किलोला २०० रुपयांच्या वर गेला होता. टोमॅटोचं फार नाही, आपल्याकडे चिंच आहे, आमसूल आहे. कांद्याला मात्र पर्याय नाही. कांदा महागला की सरकारं हलतात, म्हणून सरकारं आधीच जागी होतात. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच बंद झाली. बंदी ४ मे २०२४ ला उठली, पण शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. शहरातल्या बहिणींसाठी कांदा आवाक्यात ठेवायचा म्हणून हे सगळं. पण आपल्या जिल्ह्यातलं लोणंद म्हणजे कांद्याची मोठी पेठ. तिकडच्या बाईच्या घरात कांदा पिकतो आणि त्याच घरात तो चिरला जातो. भाव पडला की तिची फोडणी स्वस्त होते आणि मुलीची फी थकते. तिने स्वस्ताईचा आनंद मानायचा की नाही? लोणंदच्या बाजूची एक मैत्रीण मला म्हणाली होती की भाव पडलेल्या वर्षी आमच्याकडे रोज कांद्याचीच भाजी, कारण विकायला न्यायचं भाडंही सुटत नाही. म्हणजे त्या वर्षी तिच्या घरी रात्री काय करायचं ते दिल्लीने ठरवलं.

तेलाचंही तसंच. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या सोयाबीन, सूर्यफूल आणि पाम तेलावरचं मूळ आयातशुल्क शून्यावरून एकदम २० टक्क्यांवर नेलं. ते सोयाबीनवाल्या शेतकऱ्यासाठी, कारण त्या हंगामात क्विंटलला ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर असून बाजारात त्याच्या खाली विकलं जात होतं. कराड, वाळवा, पलूस भागातल्या कितीतरी घरांत सोयाबीन होतं. पुढे मे २०२५ च्या अखेरीस तेच शुल्क १० टक्क्यांवर आणलं, ते आपल्या पिशवीसाठी. मी यात कुणाला दोष देत नाही. दोन्ही निर्णय कुणाच्या तरी भल्याचेच होते. पण भजी करायची की थालीपीठ लावायचं, याचा विचार करताना यातलं काही आपल्याला कुणी विचारलेलं नसतं.

आता एक गंमत सांगते. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. तयार चपाती, तयार पराठा यांवरचा कर शून्य झाला, नूडल्सचा ५ टक्क्यांवर उतरला. पाकीटबंद, लेबल लावलेल्या पिठावर मात्र जुलै २०२२ पासूनचा ५ टक्के कर तसाच ठेवला. म्हणजे पीठ घेऊन पोळी लाटली तर कर, लाटलेली पोळी आणली तर नाही! आपण गिरणीत दळून आणणाऱ्या, आपल्याला तो लागत नाही हे खरं. पण वारं कुठल्या दिशेला वाहतंय ते यातून कळतं. सरकारच्याच २०२३-२४ च्या खर्चाच्या पाहणीत देशातल्या ग्रामीण घरांच्या १०० रुपयांतले साधारण ४७ रुपये खाण्यावर गेले आणि त्यातले जवळजवळ १० रुपये पेयं आणि तयार, पाकिटातल्या पदार्थांवर. शहरात हे प्रमाण ११ च्या पुढे. दमून आलेल्या बाईने दहा मिनिटांत होणारं पाकीट फोडलं तर मी तिला नावं ठेवणार नाही. दुपारभर उसात भांगलून आलेली असो की शाळेत शिकवून, तिचे पाय सारखेच दुखतात.

रेशनचं दुकान हे दुसरं ठरवणारं ठिकाण. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य, जानेवारी २०२३ पासून फुकट, आणि १ जानेवारी २०२४ पासून आणखी ५ वर्षं फुकटच. लाखो घरांना याचा आधार आहे आणि तो काढून घ्या असं म्हणणारी मी नव्हे. पण मिळतं ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. माण-खटाव, जत-आटपाडी म्हणजे ज्वारीचा मुलूख. माझ्या आजीच्या वेळी चपाती सणाला आणि भाकरी रोजची. आता दुकानात ज्वारी गव्हाहून महाग झाली आणि भाकरी हॉटेलात चुलीच्या फोटोसकट मिळते. २०२३ हे वर्ष भारताच्या पुढाकाराने जगभर भरडधान्यांचं म्हणून साजरं झालं. ठिकठिकाणी प्रदर्शनं झाली, नाचणीचे केक झाले. जतच्या बाईने मात्र त्या रात्रीही भात टाकला, कारण घरात तांदूळ होता.

आणि डाळ? इथे खरा घोळ आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक सूचना काढली. बैठं काम करणाऱ्या प्रौढ माणसाच्या दिवसभराच्या ताटात डाळी-कडधान्यं (किंवा अंडी-मांस) मिळून ८५ ग्रॅम असावीत असं त्यात आहे. निव्वळ डाळीवर भागवायचं तर चौघांच्या घराला दिवसाला ३४० ग्रॅम, महिन्याला १० किलोच्या वर. मसूर, मूग, तूर मिळून सरासरी शंभर-सव्वाशे रुपये किलो धरली तरी हजार ते साडेबाराशे रुपये नुसत्या डाळीचे. आपल्यापैकी किती घरांत महिन्याला १० किलो डाळ येते? मी जिथे जिथे विचारलं तिथे हसूच ऐकलं. तीन किलो, फार तर चार. मग एक माणूस वाढला की आमटीत फुलपात्रभर पाणी वाढतं.

ते पाणी कुणाच्या वाटीत जातं, हेही बघायला हवं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. आधीच्या पाहणीत ते ४८ टक्के होतं, म्हणजे वाढलं. पुरुषांत याच्या निम्म्याहूनही कमी. पाळी आणि बाळंतपणं ही कारणं आहेतच, डॉक्टर तेच आधी सांगतात. पण एकाच घरात, एकाच पातेल्यातलं जेवण असताना शेवटी बसणारीच्या ताटात काय पडतं, हे डॉक्टरांना दिसत नाही. अंडी चार असली तर खाणारे चार आणि आपण पाचव्या. सकाळची भाजी 'टाकायची कशाला' म्हणून आपली. रात्री काय करायचं हे सगळ्यांच्या आवडीनं ठरतं. आपल्याला काय खावंसं वाटतं, हे एका बैठकीत विचारलं तेव्हा बराच वेळ कुणी बोललंच नाही. मग एकजण म्हणाली, "मला ना, दुसऱ्या कुणी केलेलं काहीही आवडतं."

जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये आपल्यातल्या बऱ्याचजणींच्या खात्यावर येऊ लागले. त्याचं काय केलं असं मी विचारत असे. दप्तर, औषध, शिलाई मशीनचा हप्ता, सिलिंडर. डाळ कुणी म्हणालं नाही. कारण किराणा म्हणजे घरखर्च, त्यात 'माझे' पैसे कसे घालायचे? पण जरा वरचा हिशेब पाहा. ही रक्कम चौघांच्या महिन्याच्या डाळीला पुरून वर थोडी उरते. म्हणून मला वाटतं, रोख रकमेवर एवढी भांडणं होतात, तर रेशनवर दर महिन्याला डाळ का नाही, यावरही एकदा व्हावीत. दिवाळी २०२२ ला 'आनंदाचा शिधा' निघाला तेव्हा १०० रुपयांत रवा, साखर आणि हरभराडाळ एकेक किलो आणि पामतेल एक लिटर मिळालं होतं. सणापुरती देता येते ती डाळ. तामिळनाडूत तर रेशनवर तूरडाळ ३० रुपये किलोने कित्येक वर्षं दिली गेली आहे. ग्रामसभेत हा विषय मांडायला कुणाची परवानगी लागत नाही. आमच्याकडे दोन गावांत मांडला. हसले, पण कागद पुढे पाठवला.

तोवर रोजचा मंगळवार आहेच. कराड-सांगलीकडचा अख्खा मसूर घ्या. स्वस्त, भिजवला तर लवकर शिजणारा, भाकरीबरोबर पोटभर. धाब्यावर हाच मसूर लोक गाडी थांबवून खातात आणि घरी केला की विचारतात, "आज नुसता मसूर?" कृष्णाकाठची वांगी निघाली की भरली वांगी करावी, शेंगदाण्याचं कूट सढळ घालावं, त्यातही सत्त्व असतं. पण पाककृती सांगायला बाकीची पानं आहेत.

मला सांगायचंय ते एका बचतगटाचं. त्यांनी ठरवलं, मंगळवारी रात्री काय करायचं ते घरातल्या दुसऱ्या कुणीतरी ठरवायचं. स्वयंपाक हवं तर आपण करू, पण ठरवायचं त्यांनी. अटी तीन. सकाळी घराबाहेर पडण्याआधी सांगायचं, घरात काय आहे ते डबे उघडून स्वतः बघायचं, आणि 'काहीही' हा शब्द चालणार नाही. एका सासूबाईंना ते अजिबात रुचलं नाही, त्या घरी पहिल्याच आठवड्यात बंद पडलं. एका मुलाने सलग दोनदा पावभाजी लिहिली, मग आईने त्याला मटार सोलायला बसवलं. एका घरी तीन मंगळवार पिठलं-भात झाला, कारण ह्यांना डब्यांतलं बेसनच तेवढं सापडायचं. चौथ्या मंगळवारी ते कामावरून येताना मंडईत शिरले, अर्धा किलो वांगी घेतली आणि घरात पाऊल टाकताच तिला बातमी दिली, "अगं, वांगी ऐंशी रुपये किलो झालीत, माहितीये का तुला?"