पोरखेळाची कैफियत

गेल्या फाल्गुनांत एका आप्ताच्या घरच्या लग्नानिमित्त देवणीस जाण्याचा योग आला. देवणी म्हटलें म्हणजे लातूर जिल्ह्याबाहेरच्या माणसासही तेथील काळ्यापांढऱ्या गोवंशाची आठवण होते. मलाही खोंडें पाहावयाचीं होतीं, म्हणून सकाळीं लवकरच यजमानांबरोबर शिवारांत गेलों. खोंडें पाहिलीं, परंतु ध्यानांत राहिलें तें दुसरेंच. जोंधळा काढून मोकळ्या झालेल्या एका रानांत सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा थर्मोकोलाचें, दोन हात लांबीच्या पंखांचें विमान उडवीत होता. हातांत बिनतारी यंत्राची पेटी आणि दृष्टि आकाशाला खिळलेली. विमान बांधावरच्या बाभळीवरून वळून आलें, एकदां डगमगलें, सांवरलें आणि शेवटीं ढेकळांत नाक खुपसून थांबलें. मुलगा धांवत गेला आणि मोडलेला पंख हातांत घेऊन तो कोठें व कां मोडला हें निरखूं लागला.

आमच्याबरोबरच्या एका वयस्क गृहस्थांनीं लगेच विचारलें, "ह्यानं पोट भरणार आहे का रे?" मुलाचे वडील तेथेंच होते. ते ओशाळून मला म्हणाले, "सर, तुम्हीच सांगा की ह्याला कांहीतरी. बारावीचं वर्ष तोंडावर आलंय अन् ह्याचं हे असलं!" मी पडलों प्राध्यापक, सर्वांचे डोळे माझ्याकडे लागले. मीं कांहीं गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. त्या गुळमुळीतपणाचें प्रायश्चित्त म्हणून हा लेख लिहीत आहें.

ह्या नादाविरुद्ध आपल्या सुशिक्षित घरांतून जे आक्षेप घेतले जातात ते मुख्यतः चार आहेत: हा पोरखेळ आहे, ह्यानें अभ्यास बुडतो, हा पैसेवाल्यांचा षोक आहे, आणि ह्यांत धोका आहे. ह्या चारहि आक्षेपांना क्रमानें उत्तर देण्याचें योजिलें आहे. एखाद्या आक्षेपांत तथ्य आढळल्यास तें कबूल करण्यास मी मागेंपुढें पाहणार नाहीं.

पहिला आक्षेप पोरखेळाचा. तो सर्वस्वी मान्य! पण पोरखेळ म्हणजे क्षुद्र, हा जो सिद्धांत त्याच्या पोटांत लपविलेला असतो तो मात्र इतिहासाला मान्य नाहीं. १८७१ सालीं पॅरिसमधील त्विलेरी उद्यानांत आल्फोन्स पेनो नांवाच्या एकवीस वर्षांच्या तरुणानें रबराच्या पिळावर चालणारें एक चिमुकलें विमान लोकांसमोर उडवून दाखविलें. तें ११ सेकंदांत सुमारें ४० मीटर गेलें. ह्याच पेनोच्या धर्तीचें, रबराच्याच पिळावर छताकडे झेपावणारें एक खेळणें १८७८ सालीं अमेरिकेंतील एका धर्मोपदेशकानें आपल्या मुलांसाठीं घरीं आणलें. मुलांपैकीं एक ११ वर्षांचा होता, दुसरा ७ वर्षांचा. त्यांचीं नांवें विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. हें खेळणें मोडलें तेव्हां मुलांनीं तसेंच दुसरें बनविलें. पुढें १८९९ सालीं त्यांनीं पांच फूट रुंदीचा एक पतंग केला, १९०१ सालीं लांकडी पेटींत वारा खेळवून लहान लहान पंखांची परीक्षा घेतली, आणि १७ डिसेंबर १९०३ रोजीं मनुष्य यंत्राच्या बळावर उडाला. खेळणें, पतंग, प्रतिकृति आणि मग विमान, असा हा जिना आहे. आपण पहिल्या तीन पायऱ्यांना पोरखेळ म्हणून हंसतों आणि चौथी पायरी आपल्या मुलांना कां गवसत नाहीं म्हणून परिषदा भरवितों.

बिनतारी संदेशानें चालणारें प्रतिकृति-विमानही असेंच जन्मास आलें. १९३७ च्या सुमारास अमेरिकेंत कॅलामझू येथें वॉल्टर व विल्यम गुड ह्या जुळ्या भावांनीं घरीं जुळविलेल्या बिनतारी यंत्रावर आपलें विमान यशस्वीपणें चालविलें. तें विमान आज स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय संग्रहांत ठेवलेलें आहे. त्या भावांनाही, "ह्यानें पोट भरणार आहे का?" असें विचारणारा कोणी वडीलधारा भेटलाच असेल, त्यांनीं त्याचें ऐकलें नाहीं, हें जगाचें नशीब.

दुसरा आक्षेप अभ्यासाचा. आणि आमच्या मराठवाड्यांत हा सर्वांत जोरकस. 'लातूर पॅटर्न' म्हणून जी अभ्यासपद्धति महाराष्ट्रभर गाजली तिची निंदा करणारांपैकीं मी नाहीं. ज्या प्रदेशांत निजामी अमल १९४८ पर्यंत टिकला, जेथें शिक्षणाची सोय मागाहून आणि पाऊस बेभरंवशाचा, तेथील कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलांना ह्या पद्धतीनें वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांचीं दारें उघडून दिलीं. हें ऋण नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु दार उघडणें निराळें आणि आंत गेल्यावर कांहीं करतां येणें निराळें. विमानाचा वेग निम्मा झाला कीं पंखांची उचल चौथाईवर येते, हें समीकरण माझ्या वर्गांतील शंभर मुलें न अडखळतां लिहितात. त्यांच्यापुढें कागदाचें विमान सोडलें आणि तें नाकावर कां आपटलें असें विचारलें म्हणजे ह्या शंभरांपैकीं नव्वद जण माझ्या तोंडाकडे पाहूं लागतात.

देवणीच्या त्या मुलाला हें विचारावें लागत नाहीं. आपलें विमान उडविण्यापूर्वीं तो त्याचे दोन्ही पंख दोन बोटांच्या टोकांवर तोलून पाहतो. पंखाच्या रुंदीचा पुढून साधारण चौथा ते तिसरा हिस्सा जेथें येतो, तेथें भार सांवरला पाहिजे. तो मागें गेला तर विमान हातांतून सुटतांच उधळतें. फार पुढें गेला तर तें जडावतें. बॅटरी बोटभर पुढें सरकवून तो हा तोल साधतो. गुरुत्वमध्य ह्या शब्दाची व्याख्या त्याला येवो वा न येवो, गुरुत्वमध्य त्याच्या बोटांना कळला आहे.

दुसरी गोष्ट याहून मोलाची आहे. विमान खालीं येऊं लागलें कीं भ्यालेला नवशिका त्याचें नाक वर ओढतो. पंख वाऱ्याशीं सुमारें पंधरा अंशांहून अधिक कलला म्हणजे त्याच्या पाठीवरून वाहणारी हवा सुटते, उचल ढासळते आणि विमान दगडासारखें पडतें. त्या वेळीं वांचण्याचा उपाय एकच: नाक खालीं करणें आणि वेग येऊं देणें. भीति सांगते त्याच्या नेमकें उलट करावें लागतें, आणि तेंही क्षणार्धांत! हा संयम कोणत्या शिकवणीवर्गांत शिकवितात?

आणि तिसरी. विमान आपल्यापासून दूर जात असतां त्याचें उजवें तें आपलें उजवें असतें. तें वळून आपल्याकडे येऊं लागलें कीं त्याचें उजवें आपलें डावें होतें. जमिनीवर उभ्या असलेल्या मनुष्यानें अशा वेळीं मनानें त्या विमानांत जाऊन बसावें लागतें. आपल्या पुराणांतून परकायाप्रवेशाच्या कथा आहेत. हा मुलगा त्याचा रोज सकाळीं अभ्यास करतो. दुसऱ्याच्या जागीं बसून डावें-उजवें ठरविण्याची ही संवय आमच्या पुष्कळ विद्वानांना साऱ्या आयुष्यांत लागत नाहीं.

येथें मला स्वतःचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे; ती सांगितल्यावांचून ह्या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाहीं. माझ्या मुलानें दहावीच्या सुटींत हलक्या बाल्सा लांकडाच्या पट्ट्या जोडून एक विमान बांधावयास घेतलें होतें. सांगाडा पुरा झाला होता. एका पंखावर कागद चढला होता. अकरावीचे वर्ग सुरू होतांच मीं तें उचलून माळ्यावर टाकलें आणि बारावीनंतर काढून देण्याचें कबूल केलें. मुलगा आज्ञाधारक. त्याला उत्तम गुण मिळाले, अभियांत्रिकीची पदवी मिळाली, आतां मोठ्या शहरांत मोठ्या पगारावर आहे. माझें सर्व म्हणणें खरें ठरलें. गेल्या दिवाळींत तो घरीं आला असतां स्वयंपाकघरांतल्या दिव्याचें बटण बिघडलें. अभियंत्यानें तारतंत्र्यास फोन केला. मी सहज हंसलों. तेव्हां तो म्हणाला, "बाबा, ते विमान अजून माळ्यावर आहे का?" तें मीं केव्हांच रद्दीवाल्याला देऊन टाकलें होतें. त्यानें पुन्हा विचारलें नाहीं, आणि मलाही पुढें बोलवेना. अभ्यास बुडेल ह्या धास्तीनें आपण काय बुडवितों, ह्याचा हिशेब गुणपत्रिकेवर नसतो. म्हणून तो कधींच मांडला जात नाहीं.

तिसरा आक्षेप खर्चाचा. ह्यांत तथ्य आहे. थर्मोकोल, बांबूच्या कामट्या व चिकटपट्टी ह्यांना फारसें लागत नाहीं. परंतु बिनतारी पेटी, मोटार, सुकाणू हलविणारे सर्व्हो आणि लिथियमची बॅटरी ह्यांस पैसे पडतात, आणि ते मजुराच्या मुलास झेंपणारे नाहींत. परंतु ज्या घरांतून हा आक्षेप येतो त्या घरांतून शिकवणीसाठीं वर्षाला जी रक्कम बिनतक्रार मोजली जाते तिचा हा अगदीं लहानसा अंश आहे. आणि गरिबाच्या मुलाचा कळवळा खरा असेल तर उपाय सोपा आहे. एक पेटी व दोन बॅटऱ्या शाळेच्या असाव्या, विमान ज्याचें त्यानें बांधावें. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेंत प्रतिकृति-विमानें बांधणें व उडविणें हा शिक्षणाचाच भाग आहे. जें छात्रसैनिकाला शोभतें तें देवणीच्या शाळेंतील मुलाला कां शोभूं नये?

चौथा आक्षेप धोक्याचा. हाही मी अर्धा मान्य करतों. फिरता पंखा बोट कापतो, आणि भलत्या रीतीनें भारलेली लिथियम बॅटरी पेट घेते. म्हणूनच हें काम वडीलधाऱ्यांच्या देखत व्हावें. गर्दींत, रस्त्यावर वा विजेच्या तारांजवळ होऊं नये. कायद्याचा बाऊ मात्र करूं नये. २०२१ च्या ड्रोन नियमांनीं शिक्षण वा मनोरंजनासाठीं नजरेच्या टप्प्यांत उडविल्या जाणाऱ्या, २५ किलोपर्यंतच्या प्रतिकृति-विमानांची स्वतंत्र व्याख्या केली आहे. आणि दोन किलोपर्यंतचें यंत्र व्यापाराखेरीज चालविणारास चालकाचा परवाना लागत नाहीं. नकाशावरील हिरव्या क्षेत्रांत ४०० फुटांपर्यंत मोकळीक आहे. नोंदणीचे नियम व क्षेत्राचा नकाशा पाहून घ्यावा म्हणजे झालें. मुलांना मोटारसायकली घेऊन देतांना न आठवणारा धोका थर्मोकोल पाहतांच आठवावा, हें नवल आहे.

कोणी म्हणतील, हल्लीं बाजारांत तयार ड्रोन मिळतात, मग हा खटाटोप कशाला? ड्रोन ही उपयुक्त वस्तु आहे. आमच्या शिवारांत आतां ड्रोननें फवारणी होऊं लागली आहे, आणि १५,००० महिला बचतगटांना ड्रोन देण्याची योजना केंद्र सरकारनें २०२३ सालीं मंजूर केली. पण विकत घेतलेल्या ड्रोनचा तोल त्याच्या पोटांतील यंत्र सांभाळतें. चालविणारानें हात सोडला तरी तें हवेंत स्थिर राहतें. त्यापासून चालविणारा उपयोग शिकतो, उड्डाण शिकत नाहीं. ड्रोन बिघडल्यावर तें दुरुस्त करणारा कोठून यावयाचा? लग्नाच्या मांडवावर ड्रोन फिरविणारे आज गांवोगांवीं आहेत. आपल्याला उघडून पाहणारे पाहिजेत.

शेवटीं एका वेगळ्याच वर्गाशीं दोन शब्द. हा वर्ग मुलाला थर्मोकोल कापूं देत नाहीं, पण विमानविद्या आमच्या पूर्वजांना अवगत होती असें मोठ्या अभिमानानें सांगतो. १८९५ सालीं शिवकर बापूजी तळपदे ह्यांनीं मुंबईस चौपाटीवर विमान उडविल्याची कथा ह्यांना तोंडपाठ असते. त्या उड्डाणास विश्वासार्ह समकालीन पुरावा नाहीं, हें मात्र ठाऊक नसतें. ज्या 'वैमानिकशास्त्रा'चा ते दाखला देतात त्याची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच अभ्यासकांनीं १९७४ सालीं कसून तपासणी केली. तो ग्रंथ १९०४ च्या पूर्वींचा मानतां येत नाहीं आणि त्यांतील विमानें उडूं शकणार नाहींत, असा त्यांनीं निर्वाळा दिला. तरीही २०१५ सालीं मुंबईस भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्यें प्राचीन विमानविद्येवर व्याख्यान झालेंच! तळपदे ह्यांच्या ध्यासाविषयीं मला आदर आहे. त्यांची खरी स्मृति ठेवावयाची तर त्यांच्यासारखे हात चालवावे. कांदिवलीच्या आपल्या घराच्या गच्चीवर खरें विमान बांधणारे वैमानिक अमोल यादव ह्यांचें विमान २०१६ सालीं मुंबईच्या प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें, आणि त्याला उड्डाणाची परवानगी मिळावयास २०१९ साल उजाडलें. गच्चीवर बसून पुष्पक विमानाच्या गोष्टी सांगणारे आमच्याकडे पुष्कळ. गच्चीवर रिव्हेट ठोकणारा एखादाच.

त्या सकाळीं खोंडें पाहतांना यजमानांनीं मला वानेरा, बालंक्या आणि शेवरा हे देवणीचे तीन प्रकार दुरूनच ओळखून दाखविले. चाल, खांदा, तोंडावरील काळा रंग पाहून ते सांगत होते. हें ज्ञान त्यांना कोणी लिहून दिलें नव्हतें. लहानपणापासून हात आणि डोळे गुरांवर फिरले, त्यांतून तें आलें. ह्याच शिवारांत पोरें जोंधळ्याच्या धाटाचें भेंड सोलून त्याच्या बैलगाड्या करीत आलीं, आणि त्यांना कोणीं पोट भरण्याचा प्रश्न विचारला नाहीं. भेंडाच्या गाडीला आतां पंख फुटले आहेत, एवढाच काय तो फरक.

देवणीच्या त्या वडिलांना मीं आतां पत्र लिहिलें आहे. "मुलास रविवारची सकाळ द्या, उरलेले सहा दिवस शिकवणीवर्गाचे. आणि विमान मोडलें तर तें माळ्यावर टाकूं नका." वाचकांपैकीं ज्यांच्या माळ्यावर असें कांहीं पडलें असेल त्यांनीं तें आजच खालीं काढावें. रद्दीवाला उद्यां येईल.