रक्तदाब तपासता, मग मनाचेही विचारा!

ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळाले. निर्णय चांगलाच आहे. पण हे संरक्षण रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. उतारवयातील नैराश्याचे बहुतेक रुग्ण दाखल होत नाहीत. त्यांना गरज असते ती बाह्यरुग्ण विभागाची आणि नियमित गोळ्यांची.

त्याआधीची अडचण निदानाची. केंद्र सरकारच्या 'लासी' पाहणीत (२०१७-१८) ६० वर्षांवरील ८.३ टक्के लोकांमध्ये नैराश्याची ठळक लक्षणे आढळली. निदान झाल्याचे सांगणारे मात्र ०.८ टक्केच होते. कारण हे रुग्ण 'उदास वाटते' असे म्हणत नाहीत. झोप नाही, भूक नाही, अंग दुखते, विसरायला होते, अशा तक्रारी घेऊन ते येतात. घरचे म्हणतात, 'आता वय झालं.'

हे निव्वळ वय नव्हे. एमआरआयच्या अभ्यासांत अशा रुग्णांमध्ये स्मरणशक्तीशी संबंधित हिप्पोकॅम्पस हा भाग सरासरीने लहान आढळतो. शिवाय मेंदूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या तंतूंमध्ये पांढरे ठिपके जास्त दिसतात. बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्याची ही खूण. काही वृद्धांचे नैराश्य यातूनच उद्भवते, असा विचार अमेरिकेतील डॉ. जॉर्ज अलेक्सोपोलस आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडला. अशा रुग्णांची हालचाल व विचार मंदावतात, कामाची आखणी जमत नाही आणि औषधांचा गुणही उशिरा येतो.

म्हणून प्रत्येकाने एमआरआय काढावा असे नाही. नैराश्याचे निदान बोलण्यातूनच होते. मात्र रक्तवाहिन्या जपता येतात. अमेरिकेतील 'स्प्रिंट' चाचणीत (२०१९) रक्तदाब अधिक काटेकोरपणे आटोक्यात ठेवलेल्यांमध्ये हे ठिपके कमी वेगाने वाढले. अर्थात गोळ्यांचे प्रमाण स्वतःहून वाढवू नये. रक्तदाब फार उतरला तर वृद्ध चक्कर येऊन पडतात.

आरोग्य केंद्रांत रक्तदाब आणि साखर तपासण्यासाठी वृद्धांची रांग असतेच. तिथेच दोन प्रश्न विचारावेत : गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस उदास वाटले का? आवडत्या गोष्टींतला रस गेला का? 'हो' म्हणणाऱ्यांची पुढील तपासणी आणि गोळ्यांचा अखंड पुरवठा, एवढी सोय तिथेच हवी. घरच्यांनीही हे प्रश्न विचारायला हरकत नाही. 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. जगण्यात अर्थ नाही असे कोणी बोलू लागले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.