उपनगर जिल्हा एकच, मग नाव कुठं चांगलं आणि कुठं वाईट का?

मुंबई उपनगरात राहणाऱ्या माणसाला "तुमचा जिल्हा कोणता?" असं विचारलं तर तो क्षणभर अडखळतो. कुणी अंधेरी सांगतो, कुणी कुर्ला, कुणी नुसतं "बॉम्बे" म्हणून मोकळा होतो. "मुंबई उपनगर जिल्हा" हे नाव त्याला आठवतं ते उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला काढताना. १ ऑक्टोबर १९९० रोजी बृहन्मुंबईचे दोन जिल्हे झाले, त्यातला हा मोठा. बांद्र्यापासून दहिसरपर्यंत, कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत आणि इकडे मानखुर्द-ट्रॉम्बेच्या खाडीपर्यंत तो पसरला आहे. अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे त्याचे तीन तालुके. इथं ना जिल्हा परिषद आहे, ना एकही ग्रामपंचायत. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ९३ लाख ५६ हजारांवर होती आणि त्यात मुस्लिम सुमारे १९ टक्के, म्हणजे जवळपास १८ लाख माणसं.

या जिल्ह्याबद्दल इथल्याच लोकांना विचारा, दोन टोकाची उत्तरं मिळतात. एक म्हणतो, इथं कष्ट करणारा उपाशी झोपत नाही, पोरीबाळी रात्री उशिरा लोकलनं घरी येतात, पोरांना कॉलेज हाताशी आहे, गावी परत जायचा विचारही मनात येत नाही. दुसरा म्हणतो, पोरांसाठी दुसरीकडे खोली बघतोय, या पत्त्यावर आता राहायचं नाही. गंमत अशी की बऱ्याचदा ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या तोंडून, एकाच चहाच्या पेल्यावर ऐकायला मिळतात. श्रीमंत भाग चांगला आणि गरीब भाग वाईट, एवढं सोपं हे गणित असतं तर असं झालं नसतं.

मध्यमवर्गाची तक्रार आपल्याला ठाऊक आहे. द्रुतगती महामार्गावरची कोंडी, पावसाळ्यातले खड्डे, लोकलची गर्दी. विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर या पट्ट्यात विमानतळाच्या फनेल झोनमुळे इमारतींच्या उंचीवर मर्यादा येते, त्यामुळे जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास रखडतो. हे त्रास खरे आहेत. पण त्यामुळे कुणाचं नाव खराब होत नाही. पार्ल्याच्या मोडकळीला आलेल्या इमारतीत राहणाऱ्याला नोकरीच्या मुलाखतीत पत्ता सांगताना आवाज खाली आणावा लागत नाही. तो आणावा लागतो गोवंडीच्या, मालवणीच्या, बेहरामपाड्याच्या माणसाला. आम्हाला बोलायचं आहे ते या फरकाबद्दल.

त्यासाठी जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात, महापालिकेच्या एम-पूर्व वॉर्डात जावं लागेल. देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून आहे. शहराचा कचरा तेव्हा शहराबाहेर टाकला जात होता, पुढं शहरच वाढत वाढत कचऱ्यापर्यंत आलं. कत्तलखाना १९७१ साली देवनारला आला. त्याच सुमारास शिवाजीनगर-बैंगनवाडीत महापालिकेनं आखून दिलेल्या छोट्या छोट्या प्लॉटांवर शहराच्या इतर भागांतून हटवलेल्या झोपडपट्टीवासीयांना आणून बसवलं गेलं. ही वस्ती "बेकायदा घुसलेली" नव्हती, सरकारी हातानं वसवलेली होती. हे आज किती जणांना माहीत आहे? मे १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, भाभा अणुसंशोधन केंद्राला जागा हवी म्हणून जनता कॉलनी जमीनदोस्त झाली आणि सुमारे ७० हजार लोक चीता कॅम्पात, खाडीकाठच्या दलदलीवर, पाठवले गेले. ती जनता कॉलनीसुद्धा आधी एकदा हलवलेल्या लोकांचीच वस्ती होती.

पुढं रेल्वे आणि रस्त्यांचे प्रकल्प आले. रुळांकाठची, रस्त्यांकाठची कुटुंबं मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये आणि गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये गेली. कागदावर हे पुनर्वसन, आणि पक्कं घर मिळालं याचा आनंद लोकांना झालाही. पण इमारतींमधलं अंतर काही ठिकाणी जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांना ऊन म्हणजे काय ते माहीत नाही. २०१८ मध्ये "डॉक्टर्स फॉर यू" या संस्थेचा अभ्यास आला, त्यात या वसाहतींतला क्षयरोग आणि घरात न पोहोचणारा उजेड-वारा यांचा संबंध मांडला होता. शेजारच्या एम-पश्चिमेत माहुलची तऱ्हा तीच. तानसा जलवाहिनीजवळची कुटुंबं रिफायनऱ्यांच्या शेजारी नेऊन ठेवली. लोक कोर्टात गेले आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्यांना दुसरीकडे राहता यावं म्हणून महिना १५ हजार रुपये भाडं देण्याचा आदेश दिला.

म्हणजे पन्नासेक वर्षं शहरानं जे जे नकोसं झालं ते या कोपऱ्यात आणून ठेवलं. कचरा, वास, धूर आणि हटवलेली माणसं. मग त्याच शहरानं नाकाला रुमाल लावून म्हटलं, "तो एरिया खराब आहे." आमच्या मते उपनगराच्या बदनामीची मुळं इथं आहेत, तिथं राहणाऱ्यांच्या नावात किंवा मजहबात नाहीत. याच वस्त्यांत दलित कुटुंबं आहेत, तमिळ आहेत, उत्तर भारतीय आहेत, मराठवाड्यातून दुष्काळानं आणलेली माणसं आहेत. गोवंडीचा पत्ता सांगताना त्यांचाही आवाज खाली येतो.

मजहब या गोष्टीत कुठं येतो? १९९२-९३ नंतर येतो. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे त्या दंगलींत ९०० माणसं गेली, त्यात ५७५ मुस्लिम आणि २७५ हिंदू. जोगेश्वरी पूर्वेला, बांद्र्याच्या बेहरामपाड्यात जे झालं त्यानंतर मिश्र चाळींतून दोन्हीकडच्या लोकांनी बिऱ्हाडं हलवली. आपली बरीच कुटुंबं ठाणे जिल्ह्यात मुंब्र्याला गेली, जी राहिली ती आपल्या मोहल्ल्यांत आणखी दाटीनं राहिली. आधी गरीब म्हणून दूर ढकललेली वस्ती आता "त्यांची वस्ती" झाली. एखाद्या रस्त्याला "बॉर्डर" म्हणायची सवय लोकांना तेव्हापासून लागली, आणि ती म्हणणारे सगळे काही वाईट मनाचे नसतात. रिक्षावाल्याच्या तोंडी तो शब्द "डावीकडे घ्या" इतका सहज येतो.

या सवयीची किंमत पैशात मोजता येते. चांगली नोकरी, वेळेवर भाडं देण्याची ऐपत, आणि तरी नाव ऐकून फ्लॅट "आत्ताच गेला" असं ऐकावं लागणं, हे आपल्यातल्या कितीतरी तरुण जोडप्यांना नवीन नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेनं आपलं सभासदत्व एका समाजापुरतं ठेवलं तरी चालेल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात दिला. भाड्याच्या घराचा तो खटला नव्हता, पण "आमच्या सोसायटीत चालत नाही" म्हणणाऱ्यांना त्यानं मोठा आधार दिला. मग माणूस नाइलाजानं मोहल्ल्यात परततो, मोहल्ल्यातली मागणी वाढते, तिथलं भाडं चढतं. वर टोमणा असा की, "हे लोक एकत्रच राहतात."

आता दुसरी बाजू, जी बातम्यांत कमी येते. शिवाजीनगर-बैंगनवाडीच्या माळ्यांवर जरीकाम चालतं, कपडे शिवले जातात, चामड्याच्या वस्तू तयार होतात. कुर्ला-साकीनाक्याच्या भंगार बाजारात शहराचं लोखंड, पुठ्ठा, प्लास्टिक वेगळं होऊन पुन्हा कारखान्यांकडे जातं. गावाहून आलेल्या पोराला पहिली रात्र काढायला जागा मिळते, पहिलं काम मिळतं, उधारीवर जेवण मिळतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मोहल्ल्या-मोहल्ल्यांत डेग चढल्या, आणि ताट वाढताना कुणी नाव विचारलं नाही. रात्री दोनला बाईला दवाखान्यात न्यायचं असेल तर हाक मारली की चार दारं उघडतात. टॉवरमध्ये लिफ्ट आहे, इंटरकॉम आहे, पण असं होईलच याची खात्री नाही. "इथून जायचंय" म्हणणारा माणूस वर्षानुवर्षं जात नाही, त्यामागं नुसता पैसा नसतो.

बरं, सगळा दोष बाहेरच्यांच्या माथी मारून आपल्याला भागणार नाही. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत विषारी दारूनं शंभरावर बळी घेतले. तिथंच २०२१ च्या जूनमध्ये पावसात घर कोसळून लहान मुलांसह माणसं दगावली. एकावर एक मजले कोण चढवतं, त्यात कोण पैसे खातं, नशेच्या गोळ्या विकणारा कोणाच्या ओळखीवर मोकळा फिरतो, हे मोहल्ल्यात सर्वांना माहीत असतं. आपण गप्प बसतो कारण तो "आपला" असतो. त्याचं नाव पेपरात येत नाही, मोहल्ल्याचं येतं.

सरकारी आकडे या गोंधळात भर घालतात. २०११ ला जिल्ह्याची साक्षरता जवळपास ९० टक्के होती. वाचायला छान वाटतं, पण त्यात पाली हिल आणि रफीकनगर एकाच तागडीत तोलले आहेत. २००९ मध्ये महापालिकेचा मानव विकास अहवाल आला, त्यात वॉर्डवार आकडे दिले तेव्हा २४ वॉर्डांत एम-पूर्व सर्वांत खाली निघाला. टाटा सामाजिक विज्ञान संस्था याच वॉर्डात, देवनारला आहे. तिच्या अभ्यासकांना गरिबी पाहायला लांब जावं लागलं नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये गोवरची साथ गोवंडीत पसरली, मुलं दगावली आणि केंद्राचं पथक आलं, तेव्हा पुन्हा महिनाभर चर्चा झाली.

विचारायचं तरी कुणाला? जिल्हाधिकारी कार्यालय बांद्रा पूर्वेला. म्हाडा बांद्रा पूर्वेला. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण बांद्रा पूर्वेला. एमएमआरडीए बांद्रा-कुर्ला संकुलात, म्हणजे तिथंच. चारही कार्यालयं याच जिल्ह्यात, आणि गोवंडीचा माणूस हातात फाइल घेऊन एकीकडून दुसरीकडे फिरतो, कारण जमीन एकाची, इमारत दुसऱ्याची, नळ महापालिकेचा. पाण्याचंच घ्या. वस्ती बेकायदा असली तरी माणसाला पाणी नाकारता येणार नाही, हे महापालिकेला सांगायला डिसेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालय लागलं, आणि त्यासाठी पाणी हक्क समितीला कोर्टाची पायरी चढावी लागली.

आता पुन्हा तोच खेळ मांडला जातोय. देवनारच्या डोंगरात सुमारे १८५ लाख टन जुना कचरा आहे. तो साफ करण्याचं काम महापालिकेनं काढलं आहे, आणि तिथली सुमारे १२४ एकर जागा धारावी प्रकल्पातल्या पुनर्वसनासाठी देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. धारावी मुंबई शहर जिल्ह्यात येते. म्हणजे शहर जिल्ह्यातली माणसं पुन्हा एकदा उपनगराच्या त्याच कोपऱ्यात येणार. कचऱ्याखालची माती आणि तिच्यातला वायू तपासल्याचे अहवाल लोकांसमोर ठेवले आहेत का, शाळा आणि दवाखाना आधी बांधणार की माणसं आल्यावर दहा वर्षांनी, गोवंडीच्या आजच्या नळांवर आणखी किती तोंडं येणार, हे प्रश्न धारावीकरांइतकेच शिवाजीनगरवाल्यांचेही आहेत. मागच्या खेपेला, १९७६ साली, चीता कॅम्पच्या लोकांना हे विचारायची सोय नव्हती.

येणाऱ्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. गणना करणारा दारात येईल तेव्हा खोलीत किती माणसं राहतात, नळ आत आहे की बाहेर, संडास घरचा की सार्वजनिक, हे भीड न ठेवता जसं आहे तसं लिहून द्या. भाडेकरूंना आणि माळ्यावरच्या कारागिरांनाही मोजायला सांगा. जिल्ह्याची सरासरी मागू नका, वॉर्डाचा आकडा मागा.