जुन्या मोटारीचा ब्रेक आणि व्यापाऱ्याची नीती

धान्याच्या पेठेत आमचे आयुष्य गेले. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा यंत्रविद्येवर चार शब्द लिहिण्याचा आमचा अधिकार तो कोणता, असा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनात आल्यास तो गैर म्हणता येणार नाही. परंतु माल पारखून घेणे हा आमचा धंदा आहे. तो धंदा जाणत असताही एका प्रसंगी आम्ही आंधळ्यासारखी खरेदी केली आणि तिची किंमत दुसऱ्याला मोजावी लागली. ती चूक सभासद बंधूंपैकी कोणाकडूनही पुन्हा घडू नये, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच आहे.

आमच्या दुकानी सन २००६ सालची एक वॅगन आर गाडी आहे. पंधरा वर्षे पुरी झाल्यावर २०२१ साली तिची नोंदणी आम्ही पाच वर्षांसाठी पुन्हा करून घेतली. दरम्यान घरी नवी गाडी आली आणि जुनी गाडी वसुलीच्या कामासाठी दिवाणजींकडे गेली. आपल्यापैकी बहुतेकांच्या पेढीवर हाच क्रम आहे : नवी गाडी मालकाची, जुनी नोकराची. पुढच्या चाकांचे ब्रेक घासल्याचा आवाज येतो असे दिवाणजींनी दोनदा सांगितले. तेव्हा आम्ही एका दुकानातून, बिलावाचून, सर्वांत स्वस्त पॅड आणविले आणि जुन्याच डिस्कवर बसवून दिले. या व्यवहारात सहाशे रुपये वाचले, याचा आम्हांस त्या दिवशी आनंद वाटला होता.

पुढे एका सायंकाळी संकेश्वरकडून येताना तवंदी घाटाच्या उतारावर त्या गाडीचा ब्रेक लागेनासा झाला. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर होता. दिवाणजींनी प्रसंगावधान राखून गाडी डोंगराच्या अंगास घातली. त्यांच्या खांद्याचे हाड मोडले, पण जीव वाचला. इस्पितळात ते आम्हांस एवढेच म्हणाले, "अण्णा, पेडल घट्ट होतं, पण गाडी ऐकेना." त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. म्हणूनच ते शब्द आमच्या मनाला अधिक लागले.

मागाहून मिस्त्रीने चाक उघडून दाखविले. डिस्क उष्णतेने निळी पडली होती आणि पॅडच्या अस्तराच्या खपल्या निघाल्या होत्या. असे का घडते हे आम्ही त्यानंतर समजून घेतले. ब्रेक म्हणजे गतीचे उष्णतेत रूपांतर करणारे साधन होय. हजार किलो वजनाची गाडी ताशी ३६ किलोमीटरवरून थांबविताना जेवढी उष्णता निघते, तिच्या चौपट उष्णता ताशी ७२ किलोमीटरवरून थांबविताना निघते. कारण वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. घाटाचा हिशेब तर याहून कठीण आहे. तीच गाडी शंभर मीटर उंची केवळ ब्रेकवर उतरली, तर ७२ च्या वेगाने धावणारी गाडी जवळजवळ पाच वेळा लागोपाठ थांबविण्याइतकी उष्णता ब्रेकांवर पडते. हलक्या पॅडमधील चिकट द्रव्ये अशा उष्णतेने जळून त्यांचा वायू होतो आणि पकड नाहीशी होते. पेडल घट्ट राहूनही गाडी न ऐकण्याचे कारण हेच.

घाटातील ब्रेकची ही अडचण आजची नव्हे. इंग्लंडात डोंगराळ मुलखातील गाडीवान उतारावर लाकडी ठोकळ्याला जुन्या बुटाचे कातडे लावीत. ते पाहून हर्बर्ट फ्रूड या गृहस्थाने १८९७ साली ब्रेकच्या अस्तराचा कारखाना काढला. लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट १९०२ साली घेतले; परंतु १९५३ साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जग्वारने जिंकली, तेव्हाच जगाला त्यांची खरी योग्यता पटली. आज आपल्या साध्या गाडीच्या पुढच्या चाकांतही तेच तत्त्व काम करीत आहे.

आता खरेदीविषयी. डिस्क ही बिडाच्या ओतकामाची वस्तू आहे. कोल्हापूर परिसरातील फौंड्र्यांमुळे ओतीव लोखंड आपल्या भागास परके नाही. प्रत्येक डिस्कची किमान जाडी ठरलेली असते आणि ती बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. तिच्याखाली गेलेली डिस्क लेथवर कितीही गुळगुळीत केली तरी निरुपयोगीच. कारण पातळ डिस्कला उष्णता सोसत नाही. जाडी शिल्लक असून पृष्ठभागावर चरे पडले असतील, तरच लेथचा विचार करावा, तोही कापून झाल्यावर जाडी किमान मापावर राहणार असेल तर. पॅडचे अस्तर तीन मिलिमीटरच्या आसपास आले की ते बदलावे. बदलताना डावे-उजवे एकदमच बदलावे, एरव्ही गाडी एका बाजूस ओढते.

बाजारात हल्ली भोके पाडलेल्या, खाचा असलेल्या डिस्क मिळतात आणि तरुण मंडळींना त्यांचा मोह पडतो. शर्यतीच्या गाडीस त्या शोभतील. वसुलीला वा देवदर्शनाला जाणाऱ्या जुन्या गाडीस त्यांची गरज नाही. हलक्या प्रतीच्या डिस्कला तर भोकांपाशी तडा जाण्याचे भय असते. मूळ मापाची साधी डिस्क आणि गाडी बनविणाऱ्याने वा ख्यातनाम ब्रेक-उत्पादकाने त्या गाडीसाठी म्हणून काढलेले पॅड, एवढे पुरे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पॅड ॲस्बेस्टॉसविरहित असल्याचे पाहून घ्यावे. त्याची धूळ फुप्फुसास घातक आहे, म्हणून ब्रेकची धूळ कोणत्याही मिस्त्रीला फुंकून काढू देऊ नये.

पोत्यात नळी खुपसून वानगी काढल्याशिवाय आपण ज्वारीचा भाव बोलत नाही. पॅडची वानगी मात्र काढता येत नाही. खोटा पॅड घाटातच कळतो. म्हणून येथे दुकान, वेष्टन आणि बिल हीच वानगी समजावी. वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, महिना व वर्ष, कमाल किंमत हे सर्व छापलेले असणे कायद्याने आवश्यक आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. ज्या भागांवर पूर्वी २८ टक्के पडत असे, त्यांच्या बाबतीत बिल टाळण्याचा मोहही त्यामुळे उणा व्हावा. बिल देण्यास जो कचरतो, त्याच्या मालाची हमी कोण देणार?

माल चांगला घेतला म्हणजे काम संपले, असेही नव्हे. नव्या डिस्कवरील तेलाचा थर पुसून काढणे, जेथे ती बसते तो गंजलेला भाग घासणे, कॅलिपरच्या सरकत्या पिना मोकळ्या करून उष्णतेला टिकणारे ग्रीस लावणे ही कामे मिस्त्रीकडून समक्ष करवून घ्यावीत. जुन्या गाडीत पीन अडकली की नवा पॅडही एका बाजूने झिजतो. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते. 'डॉट ३' प्रतीचे कोरे तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरलेल्या तेलाची मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. तेल उकळले की पेडल थेट तळाशी जाते. यास्तव टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचेच तेल घालावे आणि दर दोन वर्षांनी ते बदलावे. नवे पॅड बसविल्यावर गाडी हलविण्यापूर्वी पेडल काही वेळा दाबून घट्ट करावे आणि पहिले दोन-तीनशे किलोमीटर बेताने चालवावे. उतारावर खालचा गिअर टाकावा. पेट्रोल वाचविण्यासाठी इंजिन बंद करून गाडी सोडणे हा तर शुद्ध आत्मघात होय. कारण इंजिन बंद पडले की ब्रेकला मिळणारे साहाय्य दोन-चार दाबांत संपते.

हे सारे यंत्राविषयी झाले. परंतु आमच्या मनाला बोचते ते वेगळेच. ती गाडी आमच्या स्वतःच्या पायाखाली असती, नातवंडांना घेऊन स्तवनिधीच्या दर्शनास जावयाची असती, तर आम्ही तो स्वस्त पॅड घेतला असता काय? खचितच नसता. दुसऱ्याच्या जिवावर केलेल्या काटकसरीला काटकसर म्हणत नाहीत. मुंगीलाही पाय लागू नये म्हणून जपणाऱ्या घरांतून नोकराच्या गाडीचा ब्रेक दुर्लक्षिला जावा, यासारखी विसंगती नाही.

म्हणून सभासद बंधूंना आमची नम्र सूचना आहे. दिवाळीस वहीपूजनापूर्वी आपण वर्षाचा हिशेब मिटवतो. त्याच सुमारास पेढीच्या प्रत्येक गाडीचे, विशेषतः नोकरमाणसांच्या हाती असलेल्या जुन्या गाडीचे, चाक उघडून पाहावे. डिस्कची जाडी, पॅडचे अस्तर आणि तेल बदलल्याची तारीख यांची नोंद वहीत करावी. गाडी चालविणारा माणूस ब्रेकविषयी काही बोलला, तर ते पहिल्याच वेळी ऐकावे. आमचे दिवाणजी दोनदा बोलले होते. आता ते पुन्हा कामावर येतात. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणून वरच्या फळीवरील वह्या आम्हीच काढून देतो. वाचलेल्या सहाशे रुपयांचा हिशेब आमच्याकडून त्या वह्यांत अद्याप मिटलेला नाही.